बाजार, बेकारी आणि हजेरीपट

(गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुलमंडीतील एखाद्या दुकानाचे मालमत्ता कराचे देयक उघडून पाहिले, तर सर्वसाधारण कर, शिक्षण उपकर अशा रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आढळतो : रोजगार हमी उपकर. रक्कम फार मोठी नसते. दुकानदार इतर करांबरोबर ती भरून मोकळा होतो आणि पुढील वर्षापर्यंत विसरूनही जातो. तथापि, शहरात कापड, भांडी आणि दागिने विकणाऱ्या व्यापाऱ्याने खेड्यातील मजुराच्या कामासाठी पैसे का द्यावेत, असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे उत्तर देण्यासाठी अर्थशास्त्रातील दोनशे वर्षांच्या एका वादात शिरावे लागते. त्या वादात महाराष्ट्राने, आणि विशेषेकरून मराठवाड्याने, अपार हाल सोसून एक साक्ष नोंदविली आहे. त्या साक्षीचा विचार हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

बाजाराचे शास्त्र काय सांगते?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८०३ साली, जाँ बाप्तिस्त से या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या प्रतिपादनाचा सारांश असा, की माणूस माल निर्माण करतो तो दुसरा माल घेण्यासाठीच. म्हणून एकूण पुरवठ्याच्या पोटी तेवढीच एकूण मागणी जन्म घेते. एखाद्या वस्तूचा साठा पडून राहील, परंतु सगळाच माल एकाच वेळी पडून राहणे शक्य नाही. किंमत खाली येईल, माल उठेल आणि बाजार पुन्हा सुरळीत चालू लागेल.

पुढील विचारवंतांनी हेच सूत्र श्रमांना लावले. मजुरी ही श्रमांची किंमत होय. काम मागणारे अधिक आणि काम थोडे असेल, तर मजुरी उतरेल. मजुरी उतरली की मालक अधिक माणसे कामावर घेतील. तरीही कोणी बेकार राहिलाच, तर त्याचा अर्थ इतकाच, की चालू दराने काम करण्यास तो राजी नाही किंवा मजुरी खाली येण्याच्या आड काही तरी येत आहे. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी बेकारीवरील आपला ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा विद्यापीठांतून या विचारसरणीचाच अंमल होता.

या विचारात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. भाजीमंडईत कोथिंबिरीची आवक वाढली, की सकाळचा भाव दुपारी उतरतो आणि संध्याकाळपर्यंत टोपल्या रिकाम्या होतात. हजारो विक्रेते आणि लाखो ग्राहक यांचे व्यवहार कोणत्याही हुकुमाशिवाय जुळवून आणण्याचे सामर्थ्य बाजारात आहे आणि गुलमंडीच्या रहिवाशाला ते पुस्तकातून शिकावे लागत नाही.

परंतु श्रम आणि कोथिंबीर यांत एक मूलभूत भेद आहे. कोथिंबिरीची जुडी स्वतः कधी बाजारहाट करीत नाही. मजूर मात्र संध्याकाळी दुकानात ग्राहक होऊन येतो. सर्वांचीच मजुरी निम्मी केली, तर मालकांचा खर्च निम्मा होतो हे खरे. पण त्याच दिवशी त्यांचे गिऱ्हाईकही निम्मे होते. एरवीच्या काळात हा भेद लक्षात येत नाही. संकटकाळी तो उघडा पडतो.

न्यायमूर्ती रानडे यांचा आक्षेप

महाराष्ट्राला या भेदाची जाणीव फार पूर्वी झालेली आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत आणि मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळच्या सरकारचे धोरण मुक्त व्यापाराच्या तत्त्वावर उभे होते. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, भाव चढले की व्यापारी आपण होऊन धान्य आणतील, असे ते तत्त्व होते. धान्य आले नाही असे नाही. पण ते विकत घेण्यासाठी शेतमजुराच्या गाठीला पैसा नव्हता. दुष्काळी कामांवरील मजुरीही सर रिचर्ड टेम्पल यांच्या शिफारशीने खाली आणण्यात आली. एक रत्तल धान्य आणि त्यावर थोडी रोकड, एवढ्यावर दिवसभर खडी फोडावी अशी अपेक्षा होती. पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून या धोरणाचे परिणाम सरकारपुढे आणि जनतेपुढे मांडले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ही त्या कार्यामागील नावे होत.

याच अनुभवाच्या आधारे रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडात तयार झालेले अर्थशास्त्राचे नियम हे सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू पडणारे निसर्गनियम नव्हेत. ते ज्या गृहीतांवर उभे आहेत ती गृहीते जेथे नाहीत, तेथे त्यांचे निष्कर्षही टिकत नाहीत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. भांडवल आणि श्रम एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात सहज वाहतात, हे असेच एक गृहीत. कोरडवाहू शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारा मजूर पाऊस न झाल्यास उद्या सकाळी विणकर किंवा लोहार होऊ शकत नाही, ही साधी गोष्ट त्या शास्त्राच्या हिशेबात धरलेली नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसांचा भार आहे. ती कामात दिसतात, परंतु त्यांच्या श्रमांचा पुष्कळसा भाग वाया जातो, आणि हा रिकामा श्रम उद्योगधंद्यांकडे वळविल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. याच स्वरूपाच्या अतिरिक्त श्रमांवर आर्थर लुईस यांनी १९५४ साली आपला सिद्धांत मांडला आणि पुढे १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले, त्या शहरात या निबंधाचे स्मरण होणे उचितच आहे. १९४७ सालच्या आपल्या निवेदनातही बेकार माणसाच्या दृष्टीने मूलभूत हक्कांना काय किंमत उरते, असा रोखठोक प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने कामाच्या हक्काचे मार्गदर्शक तत्त्व राज्याच्या हाती दिले, त्याची पार्श्वभूमी या प्रश्नांत आहे.

महामंदीने दिलेला धक्का

पाश्चात्त्य देशांना ही जाग १९२९ नंतर आली. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील कोसळीने सुरू झालेली मंदी इतकी पसरली, की १९३३ साली अमेरिकेतील काम करणाऱ्या दर चार माणसांपैकी सुमारे एक माणूस बेकार होता. कारखाने जागच्या जागी होते, यंत्रे शाबूत होती, कामगार कुशल होते आणि लोकांच्या गरजाही संपलेल्या नव्हत्या. मजुरीही उतरली होती. शास्त्राप्रमाणे यानंतर रोजगार वाढावयास हवा होता. तो वाढला नाही. आपल्याकडे शेतमालाचे भाव कोसळले आणि सारा व सावकाराचे देणे भागविण्यासाठी घराघरांतील सोने मोडीत निघाले.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची उपपत्ती लावली. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते. उद्याची शाश्वती नाही म्हणून प्रत्येक जण हात आखडता घेऊ लागला, तर प्रत्येकाचे वागणे शहाणपणाचे असूनही सर्वांचे मिळून नुकसान होते. अशा वेळी चालू दराने, किंबहुना त्याहून कमी दरानेही काम करण्यास तयार असलेला माणूस बेकार राहू शकतो. या बेकारीला त्यांनी अनैच्छिक बेकारी म्हटले. कोणीच खर्च करण्यास धजत नसेल, तेव्हा शासनाने खर्च करावा, हा त्यांचा उपाय होता.

वाद येथे संपला नाही. बेकारी खरोखरच अनैच्छिक असते काय? हे कसे ओळखावे? बेकार माणसाला नुसते विचारून त्याचा निर्णय लागत नाही. त्यासाठी प्रयोग हवा : काम कष्टाचे असावे, मजुरी बेताची असावी, कोणालाही ते मागता यावे, आणि मग किती लोक येतात ते मोजावे. असा प्रयोग एखाद्या प्रयोगशाळेत होणे शक्य नव्हते. तो महाराष्ट्रात झाला.

१९७२ : पन्नास लाखांची साक्ष

१९७० पासून राज्यात पाऊस कमी होत होता. १९७२ साली त्याने पुरती पाठ फिरविली. मराठवाडा, नगर, सोलापूर, पुणे, सांगली या भागांतील विहिरी आटल्या, जनावरे दावणीला मेली, खरीप गेला आणि रब्बीची पेरणीच झाली नाही. त्या वर्षाची आठवण असणाऱ्या पिढीला परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, आणि मुलांना वाटली गेलेली सुकडी अद्याप विसरता आलेली नाही.

या वेळी बाजारात काय घडते, याचा विचार करावा. गुलमंडीसारखी पेठ शहरात असली तरी तिचे गिऱ्हाईक पुष्कळसे खेड्यातले असते. पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोड या भागांतील शेतकऱ्याचे पीक घरात आले, की लग्ने ठरतात आणि लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी अख्खे कुटुंब शहरात येते. दुष्काळात लग्न पुढे ढकलले जाते. दुकानात साडी असते, साडीची गरजही असते, दुकानदार दर कमी करण्यास तयार असतो. पण आलेली थोडी मिळकत ज्वारीलाच पुरत नाही, मग साडी निम्म्या दरात मिळून उपयोग काय? दुकानदार पेढीकडे नवी मागणी नोंदवीत नाही, पेढी विणकराला सूत देत नाही आणि ढगांशी काही संबंध नसलेला माग बंद पडतो. पावसाची तूट ही हळूहळू पैशाची तूट होते, आणि गावातली बेकारी पेठेत येऊन पोचते.

शेतमजुराची स्थिती तर याहून स्पष्ट आहे. मजुरी उतरली की मालक अधिक मजूर घेतील, हे शास्त्रवचन करपलेल्या शेताच्या बांधावर उभे राहून कोणी वाचून पाहावे. ज्या रानात पेरणीच नाही तेथे खुरपणी नाही आणि काढणीही नाही. मजुराने फुकट राबण्याची तयारी दाखविली तरी त्याला देण्याजोगे काम मालकाजवळ नसते.

अशा वेळी शासनाने गावोगाव कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, विहिरी, खडी फोडणे अशी ती कामे होती. काम सोपे नव्हते आणि मजुरी भरघोस नव्हती. ज्याला दुसरा मार्ग आहे त्याने तेथे जाण्याचे कारण नव्हते. तरीही माणसे आली. भूमिहीन आले, अल्पभूधारक आले आणि एरवी दुसऱ्याच्या बांधावर पाय न ठेवणारे जमीनदार कुटुंबांतील लोकही डोक्यावर पाटी घेऊन उभे राहिले. स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती. याचा अर्थ, लहान मुले आणि वृद्ध धरून राज्यातील दर दहा माणसांपैकी जवळजवळ एक माणूस त्या वेळी सरकारी कामावर होता.

कामाच्या जागी मुकादमाने भरलेला हजेरीपट हा या वादातील सर्वांत भक्कम पुरावा आहे. बेकार माणूस काम करण्यास नाखूष असतो, या समजुतीला पन्नास लाख अंगठ्यांनी आणि सह्यांनी उत्तर दिले.

याच अनुभवातून आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले, की दुष्काळात माणसे मरतात ती नेहमी अन्न नसते म्हणूनच असे नाही. अन्न मिळविण्याचे साधन हातून जाते म्हणूनही मरतात. प्रा. ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राच्या या दुष्काळाचा पुढे बारकाईने अभ्यास केला. धान्याची तूट मोठी असूनही येथे मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, याचे मुख्य श्रेय मजुरीच्या रूपाने लोकांच्या हाती आलेल्या क्रयशक्तीला जाते, असे त्या अभ्यासातून दिसते. हातात मजुरी आली तेव्हा बाजारातील धान्यही त्या मजुराकडे वळले. १८७७ मध्ये बाजार होता, पण मजुराजवळ पैसा नव्हता. १९७३ मध्ये शासनाने कामाच्या मार्गाने तो पोचविला, आणि मग बाजारानेही आपले काम केले. बाजार माणसाची भूक मोजत नाही, खिसा मोजतो. तो खिसा रिता होऊ न देणे, हे काम बाजाराबाहेरील कोणाला तरी करावे लागते.

पागे यांची कल्पना आणि उपकराचा प्रवास

दुष्काळ संपला की कामे बंद होतात आणि पुढील दुष्काळापर्यंत सर्व विसरले जाते, हा आजवरचा रिवाज होता. तो मोडण्याचे श्रेय विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांना आहे. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, काम मागणाऱ्याला काम देण्याचा लहानसा प्रयोग त्यांच्या प्रेरणेने आधीच झाला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत या कल्पनेला राज्यव्यापी योजनेचे रूप आले. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनीही १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांद्वारे किमान उपजीविकेची हमी देण्याची शिफारस केली होती. पुढे महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला पंधरा दिवसांत काम, आणि ते देता न आल्यास बेकारी भत्ता, हे या कायद्याचे सार होते. काम ही शासनाची मेहेरबानी न राहता नागरिकाचे मागणे ठरले.

यासाठी पैसा कोठून आणावयाचा? राज्याने तो प्रामुख्याने शहरांकडून आणि सुस्थितीतील वर्गांकडून मागितला. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा याच हेतूने झाला. सभागृहातील प्रत्येक अधिकाऱ्याच्या आणि शिक्षकाच्या वेतनपत्रकात व्यवसाय कराची कपात दिसते. तिचे मूळ येथे आहे. बागायती जमिनींवर आणि बिगर-निवासी इमारतींवर उपकर बसला. करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच भर राज्याने आपल्याकडून घालावी, अशी रचना करण्यात आली.

गुलमंडीच्या देयकातील त्या रकान्याचा उलगडा येथे होतो. दुकानदाराने भरलेला रुपया कोषागारातून तालुक्याला जातो, तेथून पाझर तलावावरील मजुराच्या हाती पडतो, मजूर त्याची ज्वारी, तेल, मीठ घेतो, गावचा किराणा दुकानदार माल भरण्यासाठी शहरात येतो आणि बरे साल आले म्हणजे मजुराच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता पुन्हा पेठेत बांधला जातो. या प्रवासात मागे एक तलाव उरतो, त्याच्याखालच्या विहिरींना पाणी येते आणि पुढील वर्षी काम मागण्याची गरज काही घरांपुरती तरी कमी होते. केन्स यांच्या ग्रंथात हे गणित सूत्रांच्या भाषेत आहे. एकाच्या खर्चातून दुसऱ्याचे उत्पन्न कसे उभे राहते, हे व्यापाऱ्याला आपल्या खतावणीतही दिसू शकते.

प्रतिपक्षाचे म्हणणे

या विचारालाही आव्हान मिळाले, आणि ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६७ च्या आपल्या अध्यक्षीय भाषणात असा इशारा दिला, की प्रत्येक अर्थव्यवस्थेत बेकारीचे एक स्वाभाविक प्रमाण असते आणि पैसा ओतून ते कायमचे खाली आणू पाहिल्यास हाती केवळ भाववाढ लागते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक देशांत भाववाढ आणि बेकारी एकाच वेळी वाढली, तेव्हा या इशाऱ्याला वजन आले. शासनाचा प्रत्येक खर्च हितकारकच असतो असे नाही, हा धडा त्या दशकाने दिला आणि तो विसरता कामा नये. १९७२ मध्येदेखील नुसत्या नोटा वाटल्या असत्या आणि धान्य बाहेरून आणलेच नसते, तर भाव भडकण्यापलीकडे काही साधले नसते.

परंतु पुढे या मताचा अतिरेक झाला. बाजार आपल्या चुका आपणच दुरुस्त करतो, अशी श्रद्धा रूढ झाली. रॉबर्ट लुकास या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली असे प्रतिपादन केले, की मंदी टाळण्याचा मूळ प्रश्न व्यवहारतः सुटलेला आहे. त्यानंतर पाच वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था बुडाली आणि जगभर लक्षावधी लोकांचे रोजगार गेले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अठराहून अधिक वर्षे अध्यक्ष राहिलेले अॅलन ग्रीनस्पॅन यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदीय समितीपुढे मान्य करावे लागले, की आपल्या विचारसरणीत एक दोष आढळला आहे. ज्या सरकारांनी खर्चाला हात आखडता घेण्याचा उपदेश वर्षानुवर्षे केला होता, त्यांनीच बँका वाचविण्यासाठी तिजोऱ्या उघडल्या.

करमाडची पहाट

दूरच्या देशांकडे पाहण्याचीही आवश्यकता नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि श्रमांचा बाजार एका रात्रीत थांबला. जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील काही मजूर गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने रेल्वेमार्गाने पायी निघाले. थकून ते करमाडजवळ रुळांवरच विसावले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली सापडून त्यांतील सोळा जण मृत्युमुखी पडले. ते ठिकाण गुलमंडीपासून काही कोसांवर आहे.

या माणसांना कोणत्या अर्थाने स्वेच्छेने बेकार म्हणावे? काम मिळेल तेथे जाण्याची तयारी, म्हणजे शास्त्राला अपेक्षित असलेली श्रमांची गतिशीलता, त्यांनी शेकडो कोस दूर येऊन दाखविली होती. मजुरी कमी घेण्याचाही प्रश्न नव्हता. मजुरी देणारेच कोणी उरले नव्हते. बाजार थांबला तेव्हा त्यांना आठवले ते आपले गाव.

गावाकडे परतलेल्या लक्षावधी मजुरांना त्या वर्षी आधार कशाचा मिळाला? महाराष्ट्राच्या योजनेच्या धर्तीवर संसदेने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा कायदा संमत केला होता. फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत सुरू होऊन २००८ पर्यंत तो देशभर लागू झाला आणि पुढे त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. वर्षाला १०० दिवस कामाची हमी त्याने ग्रामीण कुटुंबाला दिली. २०१९-२० मध्ये या योजनेखाली सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते. २०२०-२१ मध्ये हा आकडा सुमारे ३८९ कोटींवर गेला. अंदाजपत्रकातील ६१,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीत ४०,००० कोटींची भर घालावी लागली. पुन्हा एकदा हजेरीपटानेच उत्तर दिले. त्यानंतरच्या काळात कायद्यांची नावे, दिवसांची संख्या आणि निधीची विभागणी यांत फेरबदल होत राहिले. मूळ प्रश्न मात्र तोच आहे आणि त्याचे उत्तरही तेच आहे.

अर्जाची पोच

आता ज्यांच्या हाती या व्यवस्थेची दोरी आहे त्यांच्याविषयी. हमीची सर्वांत मोठी हानी विरोधकांच्या युक्तिवादाने होत नाही. बनावट नावांनी भरलेला हजेरीपट, महिनोन्‌महिने रखडलेली मजुरी, अर्धवट सोडलेला बांध आणि पहिल्या पावसात वाहून गेलेला रस्ता यांनी ती होते. असे प्रकार ठिकठिकाणी घडले आहेत आणि त्यांवर वेळोवेळी चौकश्याही झाल्या आहेत. कामातील खोटेपणा हा तिजोरीचा तोटा तर आहेच, शिवाय पन्नास लाखांनी दिलेल्या खऱ्या साक्षीत खोटी साक्ष मिसळण्याचा तो अपराध आहे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. मजूर काम मागण्यास येतो, त्याला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे सांगून परत पाठविले जाते. अर्ज घेतला जात नाही, घेतला तर दिनांक घालून पोच दिली जात नाही. पंधरा दिवसांची मुदत मग सुरूच होत नाही. कागदोपत्री त्या गावात बेकारी नसते. वरिष्ठ कार्यालयातील तक्ता स्वच्छ दिसतो, आणि येथील लोकांना कामाची गरज नाही, असा निष्कर्ष काढला जातो. मजुरी उतरूनही बेकार राहिलेल्या माणसाला जुन्या शास्त्राने आपल्या हिशेबातून वगळले होते; पोच नाकारणारा कर्मचारी नकळत तेच करीत असतो.

म्हणून ग्रामपंचायत सदस्यांनी पावसाळा संपण्यापूर्वीच गावातील कामांची यादी ग्रामसभेपुढे ठेवून मंजूर करून घ्यावी, म्हणजे काम मागितले जाईल तेव्हा ते तयार असेल. ग्रामरोजगार सेवकाजवळील अर्जांची नोंदवही अधूनमधून स्वतः उघडून पाहावी. अभियंत्यांनी मोजमाप वेळेवर करावे, कारण मोजमाप पुस्तिकेतील एका सहीसाठी शेकडो घरांची मजुरी अडते. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना आपल्या गावातील पाझर तलावावर घेऊन जावे आणि तो कोणी, केव्हा, कोणत्या साली बांधला हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणण्यास सांगावे. १९७२ मध्ये कामावर गेलेली पिढी आता थोडीच उरली आहे. तिच्याजवळचे अर्थशास्त्र वेळीच लिहून ठेवले पाहिजे.

गुलमंडीतील व्यापाऱ्याला उपकर का भरावयाचा हे कोणी विचारले, तर त्याला दयेचे कारण सांगण्याची गरज नाही. खेड्यातील मजुराच्या हातचे काम आणि पेठेतील दुकानाचा गल्ला ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत, एवढे सांगितले तरी त्याला ते पटेल. पाऊस पुन्हा पाठ फिरवील, मंदी पुन्हा येईल, कदाचित साथही येईल. त्या दिवशी काम मागण्यास येणाऱ्या माणसाच्या हातात दिनांक घातलेली पोच पडली पाहिजे, इतकी तयारी आज करून ठेवावी, हीच या व्याख्यानाची विनंती आहे.